बिनवासाची फरशी

जाई आणि चिकू ही कॉकाटीलची (लहान, तुरेवाल्या पोपटांची) जोडी आमच्याकडे आली ती मावसभावामुळे. तो नोकरीसाठी जर्मनीला निघाला आणि पाखरं बरोबर नेणं काही जमण्यासारखं नव्हतं. पिंजरा, राळं-बाजरीचे डबे, समुद्रफेसाचे तुकडे, सगळं त्यानेच आणून दिलं. आम्हाला फक्त एकदा पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवून आणायचं होतं. डॉक्टरांनी दोघांचं वजन केलं (नव्वद ग्रॅमच्या आसपास), नखं पाहिली, पंख उलगडून पाहिले. आता खाण्यापिण्याचं विचारतील असं मला वाटत होतं. त्यांनी विचारलं, "घरी फरशी कशाने पुसता?"

फिनेलने, मी म्हटलं. बाथरूम? कधी ॲसिड, कधी टॉयलेट क्लीनर. काचा? स्प्रे. ओटा? तोही स्प्रेच, लिंबाच्या वासाचा. ते म्हणाले, "घरी गेल्यावर सगळ्या बाटल्या एका जागी काढा, मागची लेबलं वाचा आणि मला फोटो पाठवा. तोवर यांना आतल्या खोलीत ठेवा आणि तिथे नुसत्या पाण्याने पुसा."

त्याच संध्याकाळी सिंकखालचं कपाट रिकामं केलं. पांढरं फिनेल, काळं फिनेल, गुलाबाच्या वासाचं फ्लोअर क्लीनर, ब्लीच, टॉयलेट क्लीनर, दारावर येणाऱ्या माणसाकडून घेतलेली ॲसिडची बिनलेबलची बाटली, मोरी तुंबली तर टाकायची कॉस्टिक सोड्याची पुडी. शिवाय कपाटांतल्या डांबर गोळ्या आणि बाथरूममध्ये टांगलेली सुगंधी वडी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एवढा साठा आहे याची मला कल्पना नव्हती. लेबलांवरची अक्षरं इतकी बारीक की मोबाइलने फोटो काढून मोठी करूनच वाचावी लागली. ब्लीचवर सोडियम हायपोक्लोराइट, टॉयलेट क्लीनरवर हायड्रोक्लोरिक ॲसिड, फ्लोअर क्लीनरवर बेन्झालकोनियम क्लोराइड. जंतू मारणाऱ्या घटकाचं नाव आणि टक्केवारी बहुतेकांवर होती. पण 'परफ्यूम' या एका शब्दापुढे त्यात काय काय आहे ते एकाही बाटलीवर लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी नंतर जे समजावलं त्याने माझा सगळा विचारच बदलला. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, नसतं आणि त्यांची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत-आकसत नाहीत, ती जागच्या जागी घट्ट असतात. हवा खेळवण्याचं काम शरीरात पसरलेल्या हवेच्या पिशव्या करतात, आणि बहुतेक पक्ष्यांत त्या नऊ असतात. आत घेतलेली हवा बाहेर पडायला श्वासाची दोन आवर्तनं लागतात आणि फुप्फुसातून ती एकाच दिशेने वाहत राहते. त्यामुळे श्वास घेतानाही आणि सोडतानाही रक्ताला ताजी हवा मिळते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदाही अतिशय पातळ असतो. उडायला लागणारा भरमसाट प्राणवायू पक्ष्याला मिळतो तो या रचनेमुळे. पण हवेत जे काही विषारी असेल तेही त्याच वेगाने आणि त्याच तत्परतेने रक्तात उतरतं. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेत असत ते यासाठीच. विषारी वायूने माणसाला त्रास होण्याआधी पक्षी पडायचा. तिथे ही पद्धत बंद करायचा निर्णय झाला तो थेट १९८६ मध्ये.

त्यामुळे बाटलीवर 'हर्बल' लिहिलंय की 'केमिकल' हे बघणं मी सोडलं. त्याऐवजी दोन गोष्टी विचारायला लागले. वापरताना यातलं हवेत काय जातं? आणि वाळल्यावर मागे काय उरतं? कारण जाई दिवसातून निदान तासभर पिंजऱ्याबाहेर असते, फरशीवर चालते आणि वाटेत दिसेल त्यावर चोच मारून बघते.

फिनेल दोन्ही प्रश्नांत नापास झालं. काळं फिनेल म्हणजे डांबरापासून मिळणारी फिनॉलच्या कुळातली द्रव्यं, आणि पांढऱ्यात असतं पाइन तेल. दोन्हींत जंतू मारणारा पदार्थच वास सोडतो, त्यामुळे 'कमी वासाचं फिनेल आणू' ही पळवाट नव्हती. डांबर गोळ्या आणि सुगंधी वडी यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. हळूहळू हवेत उडून जाणं हेच त्यांचं काम. त्या त्याच दिवशी गेल्या. कपड्यांत आता कडुलिंबाचा वाळलेला पाला असतो, आणि तो फार वास न सोडता आपलं काम बरं करतो असा माझा अनुभव आहे. बिनलेबलच्या ॲसिडची बाटली कुणाला द्यावी हेही कळेना. शेवटी सोसायटीच्या सफाईवाल्या दादांना नीट सांगून दिली.

एक गोष्ट मात्र पाखरं पाळत नसलात तरी सांगेन. बाथरूम जास्त उजळावं म्हणून दोन बाटल्या एकत्र ओतायची सवय बऱ्याच घरांत असते. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले, आणि काचा पुसायच्या काही स्प्रेंत अमोनिया असतो, तर क्लोरामाइन. माणूस खोकत बाहेर तरी पळतो. पिंजऱ्यातल्या पाखराला दार उघडता येत नाही.

खरं अवघड काम पुढेच होतं. आमच्याकडे केर-फरशीला येणाऱ्या मावशींना वर्षानुवर्षं फिनेलची सवय. पहिल्या दिवशी बादलीत नुसतं कोमट पाणी आणि बिनवासाच्या भांड्यांच्या साबणाचे चार थेंब बघून त्या म्हणाल्या, "ताई, वासच नाही तर पुसल्यासारखं वाटतंय कुठं?" त्यांचं म्हणणं मला मनापासून पटत होतं. मी स्वतः लहानपणापासून फिनेलचा वास आला की 'आज घर झालं' असं समजत आलेय. दिवाळीच्या साफसफाईत तर तो वास म्हणजे सणाची पहिली वर्दी.

आम्ही दोघींनी मिळून पद्धत ठरवली. एका बादलीत साबणाचं कोमट पाणी, दुसरीत नुसतं पाणी. साबणाच्या पाण्याचा हात फिरला की पाठोपाठ साध्या पाण्याचा. साबणाचा थर राहिला तर फरशी चिकट होते, त्यावर कचरा बसतो आणि पाखराच्या पायांनाही तो लागतो. जुन्या सुती पंच्याऐवजी मायक्रोफायबरचं फडकं आणलं. ते धूळ ढकलत नाही, धरून ठेवतं. आणि झाडू बंद केला, निदान पिंजऱ्याच्या खोलीत. याला कारण आहे. कॉकाटीलच्या अंगावर बारीक पांढरी भुकटी तयार होते. त्यांच्या खास पिसांची टोकं झिजून ती पडत राहते. टीव्हीच्या काळ्या कपाटावर सकाळी बोट फिरवलं तर टाल्कम पावडर सांडल्यासारखी रेघ उमटते. झाडू फिरवला की ती सगळी हवेत उडते आणि पुन्हा खाली येऊन बसते. ओल्या फडक्याने टिपली की संपली.

काही दिवसांनी मावशींनी स्वतःच एक गंमत करून दाखवली. पुसून वाळलेल्या फरशीवर त्यांनी पांढऱ्या रुमालाने जोरात घासलं आणि रुमाल मला दाखवला. डाग नव्हता. "फिनेल टाकलं तरी एवढंच निघतं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांच्याकडून वासाचा विषय निघाला नाही, आणि आता दुसऱ्या एका घरी कुत्रा आहे तिथेही त्या हीच पद्धत सांगतात.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता आणि त्याला उत्तर द्यायला मला वेळ लागला. "आमच्या वाड्यात पोपट होता, त्याच्यासमोर फिनेलही पडायचं, धूपही लागायचा. काही झालं नाही त्याला." आपला देशी पोपट घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदी आहे, ते सोडा, तो काळच वेगळा होता. पण त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट होती, वाडा. तो पिंजरा ओसरीवर टांगलेला, समोर उघडा चौक, वर आभाळ. जो वास यायचा तो वाऱ्यावर निघून जायचा. आमच्या हॉललाच लागून स्वयंपाकघर, खिडकी एका बाजूला, आणि उन्हाळ्यात एसी लावून सगळं बंद. तेवढीच वस्तू, पण साचून राहणारी. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग कापूर मी गॅलरीत लावते." देवघर आतल्या कोपऱ्यातच राहिलं, आरतीला निरांजन असतं, आणि कापूर-उदबत्ती गॅलरीत, दार ओढून घेऊन. माझ्या मते त्यांनी जे सोडलं ते माझ्यापेक्षा मोठं होतं.

पिंजऱ्याचं काम मात्र मी कुणावर टाकत नाही. रोज ट्रेमधला कागद बदलायचा. वर्तमानपत्र उत्तम, स्वस्त आणि विष्ठेचा रंग त्यावर दिसतो, जो आजार ओळखायला उपयोगी पडतो. वाळलेली विष्ठा कधीही कोरडी खरवडायची नाही. तिची धूळ नाकात जाणं पाखरालाही वाईट आणि आपल्यालाही, कारण पक्ष्यांकडून माणसाला होणारा सिटाकोसिस हा फुप्फुसांचा आजार अशा धुळीतूनच पसरतो. त्यावर ओलं गरम फडकं ठेवायचं, पाचेक मिनिटं जाऊ द्यायची. मग ती अलगद सुटते, साबणाचीही गरज पडत नाही. आठवड्यातून एकदा पाखरं आतल्या खोलीत आणि पिंजरा गॅलरीत. गरम पाणी, थोडा साबण, जुना टूथब्रश. जाळीच्या जोडांत आणि दाराच्या बिजागरीत जे अडकतं ते ब्रशशिवाय निघत नाही.

आम्ही वाघोलीत राहतो, पाणी टँकरचं. चारच दिवसांत पाण्याच्या वाटीला पांढरट कडा चढतात. तिथे व्हिनेगर फार कामाचं आहे. किराणा दुकानात मिळणारं साधं, अर्धं पाणी मिसळून वाटीत ओतायचं, थोड्या वेळाने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. क्षार विरघळून जातात. पण व्हिनेगर म्हणजे जंतुनाशक, असं जे सर्रास सांगितलं जातं त्यावर विसंबू नका. आणि त्याचा वासही उग्रच असतो, म्हणून हे काम सिंकमध्ये, पिंजऱ्याजवळ नाही. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस आणायची जी युक्ती सगळे सांगतात ती मला कधीच कळली नाही. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, फेस विरतो आणि उरतं ते जवळजवळ पाणी. सोडा वेगळा वापरा, घासायला छान आहे. चिकटलेल्या फळाचा डाग ओल्या सोड्याने दोन मिनिटांत निघतो.

खरोखर निर्जंतुक करायची वेळ येते तेव्हा, म्हणजे एखादं पाखरू आजारी पडलं किंवा नवीन आलं तर, डॉक्टरांनी ब्लीचच सांगितलंय. ऐकून मला नवल वाटलं होतं. ब्लीच वाळल्यावर पिसांत किंवा फरशीत काही चिवट मागे ठेवत नाही, नीट धुतलं की काम झालं, असं त्यांचं म्हणणं. प्रमाण एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, म्हणजे लिटरला साधारण ३० मिली. आधी साबणाने सगळी घाण काढायची, कारण घाणीवर ब्लीच ओतलं तर ते घाणीशीच झुंजत संपतं. मग दहा मिनिटं ओलं ठेवायचं, खळखळून धुवायचं आणि उन्हात पूर्ण वाळवायचं. पाणी दर वेळी ताजं कालवायचं, उरलेलं ठेवायचं नाही. आणि पाखरं तोवर दुसऱ्या खोलीत, दार बंद. लाकडी दांडे मात्र ब्लीच शोषून घेतात. ते उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात टाकते, आणि फारच खराब झाले तर पेरूच्या झाडाची फवारणी न केलेली फांदी आणून नवीन बसवते.

बेन्झालकोनियम क्लोराइडबद्दल माझं मत मधलं आहे. जंतूंवर ते चांगलं चालतं, पक्ष्यांचे डॉक्टर जी खास जंतुनाशकं वापरतात त्यांतल्या काहींत हेच असतं. पण बाजारातल्या बाटलीत त्याबरोबर ढीगभर सुगंध येतो आणि वाळल्यावर ते पृष्ठभागावर राहतं. म्हणून आमच्याकडे ते फक्त संडासात, दार लावून, पंखा चालू ठेवून, आणि नंतर पाणी ओतून.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते 'नैसर्गिक' मालाशी. मैत्रिणीने प्रेमाने स्वतः केलेलं बायो-एन्झाइम दिलं. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवलेलं. बाटली उघडली तर वर पांढरा तवंग. तो निरुपद्रवी यीस्टचाही असू शकतो, पण घरी ते ओळखणार कोण? बुरशीचे कण पक्ष्यांच्या हवेच्या पिशव्यांत बसले तर ॲस्परजिलोसिस हा श्वसनाचा आजार होतो आणि त्यावरचे उपचार लांबतात, कित्येकदा उशीर झालेला असतो. ती बाटली झाडांच्या कुंड्यांना गेली. नंतर दुकानात 'पेट सेफ' लिहिलेली फ्लोअर क्लीनरं बघितली. सिट्रोनेला, नीलगिरी, टी ट्री. ही तेलं आहेत, चटकन उडतात, टी ट्री तर पाखरांना सरळ विषारी. 'पेट' म्हणजे त्या कंपन्यांच्या डोळ्यांसमोर कुत्रा आणि मांजर असतं. पक्षी त्यात धरलाय असं समजू नये.

नाकावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, हे मला नॉनस्टिक तव्यामुळे समजलं. तो अडीचशे-पावणेतीनशे अंशांच्या पुढे तापला की त्याच्या थरातून जो धूर निघतो त्याला आपल्याला जाणवेल असा वास जवळजवळ नसतो, आणि छोटं पाखरू त्यात काही मिनिटांत मरतं. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तेवढं तापमान सहज येतं. आमच्याकडे आता बिडाचा तवा आणि लोखंडी कढई. हे सफाईत मोडत नाही, पण स्वयंपाकघर हॉलला लागून आहे म्हणून सांगितलं. तसंच डासांच्या लिक्विड मशीनचं. ते काढून खिडक्यांना जाळ्या बसवल्या, आणि महापालिकेची धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या बंद. फवारा संपल्यावर बऱ्याच वेळाने उघडतो.

जुलैमध्ये बाथरूमच्या छतावर काळे ठिपके आले तेव्हा खरी कसोटी लागली. काहीच वापरायचं नाही म्हटलं तर बुरशी वाढणार, आणि बुरशी तर पाखरांची सगळ्यात मोठी शत्रू. वापरायचं तर ब्लीच. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं तसं केलं. पाखरं घराच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत, दाराच्या फटीला ओला टॉवेल, त्या खोलीची खिडकी उघडी. बाथरूमचा पंखा बाहेर हवा फेकणारा. ब्लीच स्प्रे केलं नाही, फडक्याला लावून टिपलं, म्हणजे तुषार उडत नाहीत. मी मास्क आणि हातमोजे घातले होते. धुऊन झाल्यावर दिवसभर पंखा चालू ठेवला आणि रात्री वास पूर्ण गेल्यावरच पिंजरा जागेवर आणला. त्यानंतरचा दिवसभर मी दोघांच्या शेपट्यांकडे बघत होते. श्वासाबरोबर शेपूट वरखाली हलायला लागलं, चोच उघडी ठेवून श्वास घेतला, पिसं फुगवून गप्प बसलं, तर वाट न बघता उघड्या हवेत न्यायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. तसं काही झालं नाही. चिकूने नेहमीप्रमाणे कुकरच्या शिट्टीची नक्कल केली.

सिंकखालच्या कपाटात आता बिनवासाचा साबण, व्हिनेगर, सोडा आणि वरच्या फळीवर, झाकण घट्ट लावून, ब्लीच. महिन्याचा खर्च आधीपेक्षा कमीच आहे. दिवाळीआधी घराला रंग काढायचा आहे. रंगवाल्याने 'बिनवासाचा' म्हणून जो डबा दाखवला त्याच्या लेबलचा फोटो डॉक्टरांना पाठवलाय. त्यांचं उत्तर आलंय की डबा कोणताही असो, पाखरं घरात ठेवू नका. तेव्हा जाई आणि चिकू साताऱ्याला नणंदेकडे जाणार. तिला मी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो फरशीचाच, आणि तिने तिच्या बाटल्यांचे फोटो पाठवायला सुरुवात केली आहे.